घरी शिकणाऱ्या मुलीची बारावी, महाविद्यालयातील प्रवेश आणि मधले एक वर्ष: नियोजन कसे करावे?

कृष्णाकाठ (वाई)

नमस्कार. आमची मुलगी चौथीनंतर शाळेत गेलेली नाही. गेली सहा वर्षे ती घरीच शिकते आहे. यंदा एप्रिलच्या सत्रात तिने एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची) दहावी दिली आणि जूनमध्ये ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. आता ती पंधरा वर्षांची आहे आणि पुढच्या तीन-चार वर्षांची आखणी करताना आम्हा दोघांनाही नक्की काय करावे ते उमगत नाही.

तिचा जीव वनस्पतींत आहे. शेताच्या बांधावरचे गवत, ओढ्याकाठचा तेरडा, पावसाळ्यात उगवून महिनाभरात नाहीसे होणारे कंद, असे सगळे ती गोळा करते आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत घालून वर आमचा पाटा ठेवते. पावसाच्या दिवसांत कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर दोन दिवसांत बुरशी धरते. त्यामुळे सकाळी चहाच्या आधी ओले कागद दोरीवर आणि कोरडे कागद पाट्याखाली हा आमच्या घरचा नित्यक्रम झाला आहे. आजवर तिच्याकडे दोनशे तीस नमुने झाले आहेत. कासला आम्ही दरवर्षी जातो, पण तिथून ती एक पाकळीही आणत नाही. तिथे फक्त वही आणि पेन्सिल असते.

माझे प्रश्न तीन आहेत. बारावीला जीवशास्त्र, पर्यावरणशास्त्र, भूगोल, इंग्रजी आणि चित्रकला असे तिच्या आवडीचे विषय घेण्याचा तिचा विचार आहे, तो योग्य आहे का? या सहा वर्षांत तिने जे केले ते महाविद्यालयासमोर कोणत्या स्वरूपात मांडावे? आणि तिसरा प्रश्न घरात सर्वांत जास्त चर्चेचा आहे. बारावीनंतर तिला एक पूर्ण वर्ष हवे आहे. जूनपासून पुढच्या मेपर्यंत घरामागच्या दोन माळांवर काय उगवते, केव्हा फुलते आणि केव्हा वाळते याची सलग नोंद तिला ठेवायची आहे. तिचे आजोबा म्हणतात की एकदा अभ्यासात खंड पडला की मूल परत वळत नाही. माझा तिच्यावर विश्वास आहे, परंतु त्या वर्षामुळे पुढचे एखादे दार कायमचे बंद होणार असेल तर ते आज कळलेले बरे.

पानगळ (पुणे)

तुमचा प्रश्न वाचून सहा वर्षांपूर्वीचे आमचे घर आठवले. माझा मुलगा एनआयओएसमधूनच दहावी-बारावी झाला आणि पुढे पुण्यातच बी.एस्सी. झाला, म्हणून अनुभवाने लिहिते.

विषयांबाबत मला आधी स्पष्ट सांगू द्या. तिने ठरवलेले पाच विषय घेतले तर ती बारावी उत्तीर्ण होईल, पण वनस्पतिशास्त्राच्या बी.एस्सी.ला तिला प्रवेश मिळणे कठीण जाईल. विज्ञान शाखेच्या पदवीला बारावीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र असणे बहुतेक ठिकाणी गृहीत धरलेले असते. दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्राच्या पदवीला जायचे तरी सीयूईटीमध्ये (केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेत) हेच विषय द्यावे लागतात, आणि ते बारावीला शिकलेले असावेत अशी अपेक्षा असते. एनआयओएसमध्ये पाच विषय आवश्यक असले तरी सातपर्यंत घेता येतात. म्हणून (आकडे एनआयओएसचे विषयक्रमांक आहेत) इंग्रजी ३०२, भौतिकशास्त्र ३१२, रसायनशास्त्र ३१३ आणि जीवशास्त्र ३१४ हे चार पक्के करावेत आणि पाचवा भूगोल ३१६ घ्यावा. चित्रकला ३३२ तिला हवीच असेल तर जादा विषय म्हणून घेता येईल. वनस्पतींची रेखाचित्रे काढणाऱ्या मुलीने चित्रकला सोडू नये असे मलाही वाटते.

आता वर्षाचा प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ते वर्ष बारावीनंतर न ठेवता बारावीच्या आतच ठेवावे असे माझे मत आहे. एनआयओएसची नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोन सत्रे असतात, आणि एकदा उत्तीर्ण झालेल्या विषयाचे गुण खात्यावर जमा राहतात. दहावी आणि बारावी यांच्यात दोन वर्षांचे अंतर हवे हा त्यांचा नियम आहेच, त्यामुळे घाई करूनही फारसे काही साधत नाही. तुमची मुलगी पुढच्या एप्रिलमध्ये इंग्रजी, भूगोल आणि चित्रकला देऊन मोकळी होऊ शकते. त्यानंतरचे जून ते मे हे वर्ष तिला तिच्या माळांसाठी मिळेल, आणि मग पुढचे वर्षभर तीन विज्ञान विषयांचा अभ्यास करून ती बारावी पूर्ण करेल. म्हणजे दहावीनंतर तीन वर्षे, वय अठरा, आणि हातात त्याच वर्षीचे ताजे उत्तीर्ण प्रमाणपत्र.

हे मी एवढे आग्रहाने का म्हणते, तर अनेक परीक्षांमध्ये बारावी कोणत्या वर्षी उत्तीर्ण झालात यावर पात्रता ठरते. जेईई मेनला उत्तीर्ण झाल्याचे वर्ष आणि त्यापुढची दोन वर्षे चालतात. आयसरच्या (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थांच्या) प्रवेश परीक्षेलाही उत्तीर्णतेच्या वर्षाची मर्यादा असते. प्रमाणपत्र हातात आले की हे घड्याळ सुरू होते, तोपर्यंत ते थांबलेले असते. जेईई ॲडव्हान्स्डचा हिशेब मात्र निराळा आहे. तिथे बारावीच्या परीक्षेला पहिल्यांदा केव्हा बसलात हे पाहतात, त्यामुळे आयआयटीचा विचार करणाऱ्या मुलांनी विषय असे पसरवण्यापूर्वी नियम नीट वाचावेत.

एक गोष्ट मात्र आमच्या चुकीतून शिकलेली सांगते. एनआयओएसचे अभ्यास केंद्र (जिथे स्वाध्याय जमा होतात आणि प्रात्यक्षिके होतात) निवडताना आम्ही केवळ घरापासूनचे अंतर पाहिले. माझ्या मुलाच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाचे गुण त्या केंद्राकडून वेळेत पुढे गेलेच नाहीत, आणि जूनमध्ये निकाल लागला तेव्हा त्या विषयाचा निकाल अपूर्ण होता. ते गुण लागेपर्यंत पाच आठवडे गेले आणि तेवढ्यात महाविद्यालयाच्या दोन प्रवेशफेऱ्या निघून गेल्या. प्रात्यक्षिकाच्या दिवशी मुलाने हजेरीच्या पानावर सही केली होती, आणि त्या पानाचे छायाचित्र आमच्याकडे होते, केवळ म्हणून प्रकरण मार्गी लागले. विज्ञान विषयांना प्रात्यक्षिकांचे गुण वेगळे असतात आणि स्वाध्यायांचेही गुण अंतिम निकालात धरले जातात. तेव्हा स्वाध्याय जमा केल्याची पोच, प्रात्यक्षिकाचे वेळापत्रक आणि हजेरी यांपैकी प्रत्येक कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

हर्बेरियम (सातारा)

मी तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले आणि त्यातील बरीच वर्षे आमच्या महाविद्यालयाच्या प्रवेश समितीवर होतो. ताई, तुमच्या मुलीच्या दोनशे तीस नमुन्यांविषयी वाचून फार आनंद झाला, म्हणून प्रथम त्याविषयीच लिहितो.

नमुन्याची किंमत त्याच्या चिठ्ठीवर ठरते. प्रत्येक नमुन्यासोबत ठिकाण, तारीख, झाडाची उंची, जमीन कशी होती, आणि ताज्या फुलाचा रंग लिहिलेला आहे का? रंग वाळल्यावर उडून जातो. निळे फूल वर्षभरात तपकिरी होते आणि मग तो कोणता तेरडा होता हे सांगता येत नाही. जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या अपुऱ्या असतील तर आठवणीवर भर घालू नये, आहे तेवढेच ठेवावे. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात वनस्पतींचे मोठे संग्रह आहेत. पूर्वपरवानगी घेऊन तिला एकदा तिथे नेऊन आणावे. चिठ्ठी कशी लिहावी हे एका दिवसात डोळ्यांनी पाहून जेवढे कळते तेवढे माझ्यासारख्याने वर्गात महिनाभर सांगूनही कळत नाही.

परंतु या संग्रहाचा प्रवेशासाठी उपयोग किती, याविषयी गैरसमज नको. आपल्याकडील अनुदानित महाविद्यालयांत बी.एस्सी.चा प्रवेश गुणवत्ता यादीनुसार होतो. खिडकीवर बसलेला कारकून गुणपत्रक पाहतो, वही पाहत नाही, आणि त्याला तसा अधिकारही नसतो. जिथे मुलाखत घेतली जाते तिथे चित्र वेगळे असते. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठासारख्या ठिकाणी लेखी परीक्षेनंतर मुलाखत होते. तिथे ही मुलगी तिच्या वहीविषयी वीस मिनिटे बोलू शकली तर तिचे वेगळेपण आपोआप समोर येईल. म्हणून सहा वर्षांचे जाडजूड संकलन करत बसू नये. तिच्या कामातील तीन गोष्टी निवडाव्यात, प्रत्येकीवर एक पान लिहावे, आणि ते तिने स्वतः मराठीत लिहून मग इंग्रजीत उतरवावे.

कागदपत्रांचा विषय रुक्ष आहे, पण घरी शिकलेल्या मुलांचे प्रवेश मी ज्या कारणांनी अडलेले पाहिले ती सगळी कागदांचीच होती. पहिली विचारणा शाळा सोडल्याच्या दाखल्याची होते. एनआयओएस जे स्थलांतर प्रमाणपत्र देते त्यातच बदलीचा दाखला अंतर्भूत असतो, आणि अन्य मंडळातून आल्यामुळे विद्यापीठाच्या पात्रता अर्जासोबत ते जोडावे लागते. त्याची मूळ प्रत एकच असते. ती पहिल्याच महाविद्यालयात जमा करण्यापूर्वी विचार करावा. दुसरे, चौथीपर्यंतच्या शाळेतून तुम्ही दाखला घेतला आहे का? घेतला नसेल तर या महिन्यातच घ्यावा. अधिवास प्रमाणपत्राला किंवा पुढे जातवैधता करावयाची झाल्यास तो उपयोगी पडतो. जातवैधतेचे अर्ज सहसा कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जातात आणि घरी शिकणाऱ्या मुलाला ती सोय नसते, म्हणून लागू असल्यास ते काम बारावीच्या वर्षावर ढकलू नये. तिसरे, नावाचे स्पेलिंग. आधार, जन्मदाखला आणि दहावीचे गुणपत्रक या तिन्हींवर ते अक्षरशः एक असावे.

मधल्या वर्षाविषयी पानगळ यांनी जे लिहिले त्याच्याशी मी अंशतः असहमत आहे. आयसर वगैरेंचा विचार असेल तर त्यांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु साध्या बी.एस्सी.साठी बारावीनंतर एक वर्ष गेले तर दार बंद होत नाही. खंड का पडला याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, इतकेच. उलट दहावी आणि बारावी यांत तीन वर्षे दिसली तरी काही ठिकाणी तेच प्रतिज्ञापत्र मागतात. तेव्हा एनआयओएसच्या नोंदणीची पावती आणि टप्प्याटप्प्याने दिलेल्या विषयांचे निकाल दाखवता आले पाहिजेत. माझी खरी चिंता निराळी आहे. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन वर्षे बाजूला ठेवून तिसऱ्या वर्षी एकदम हाती घेणे सोपे नाही. माळावरच्या वर्षातही तिने आठवड्याचे दोन दिवस रसायनशास्त्राला द्यावेत. पुढे वनस्पतिशास्त्रातही तिला त्याची गरज पडणारच आहे.

रानवाटा

मी एकोणीस वर्षांची आहे. मीही घरी शिकले आणि एक वर्ष वेगळे घेतले, म्हणून थोडेसे लिहिते.

मी ते वर्ष शिरूर तालुक्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात काढले. डॉ. कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या या आश्रमात ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम चालतो. त्यात कार्यशाळा, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य असे विभाग असतात. वेल्डिंग करताना पहिल्या आठवड्यात माझा एकही जोड सरळ आला नाही, आणि घरी शिकलेल्या मला दुसऱ्यांदा तेच काम करून दाखवण्याची सवय तिथेच लागली. तुमच्या मुलीचे काम वेगळे आहे आणि तिला कुठे जायची गरज नाही. पण माझ्या अनुभवातून एक सांगावेसे वाटते. आश्रमात सकाळी उठल्यावर काय करायचे हे ठरलेले होते, म्हणून माझे वर्ष टिकले. त्यानंतरचे तीन महिने मी घरी स्वतःच्या मनाने काम करायचे ठरवले होते आणि त्यातील निम्मे दिवस नुसते गेले.

म्हणून तिने माळावर फिरून जे दिसेल ते लिहिण्यापेक्षा एक मीटर बाय एक मीटरच्या दहा चौकटी खुंट्या आणि सुतळीने आखून घ्याव्यात, आणि दर रविवारी त्याच दहा चौकटींतील प्रत्येक रोप मोजावे. पाऊस असो, ताप असो, घरी पाहुणे असोत, रविवार चुकवायचा नाही. बावन्न रविवार झाले की तिच्या हातात असे काही असेल जे आजोबांनाही कागदावर दाखवता येईल.

दूरदेशी (न्यू जर्सी)

परदेशाचा विषय निघालेला नाही, परंतु पुढे विचार बदलला तर आजपासून काय जपावे लागेल एवढेच लिहितो. अमेरिकेतील अनेक महाविद्यालये कॉमन ॲपवरून (अनेक महाविद्यालयांसाठीच्या सामाईक ऑनलाइन अर्जावरून) अर्ज घेतात आणि तो अर्ज दरवर्षी १ ऑगस्टला उघडतो. घरी शिकलेल्या मुलांसाठी त्यात स्वतंत्र जागा आहे. शाळेच्या समुपदेशकाचा भाग पालकांनी भरायचा असतो, आणि नववीपासूनच्या चार वर्षांत कोणता विषय कशातून शिकला, त्याचे मूल्यमापन कसे केले, हे पालकांनीच लिहायचे असते. म्हणून मागच्या वर्षाची नोंद आज बसून लिहून ठेवावी. तीन वर्षांनी ती आठवणार नाही. शिफारसपत्र मात्र घराबाहेरच्या व्यक्तीचे लागते, आणि ते देणारी व्यक्ती तिला किमान वर्षभर ओळखत असावी. वरती लिहिणाऱ्या प्राध्यापकांसारख्या कोणाकडे तिने महिन्यातून एकदा आपली वही घेऊन जावे असे मला मनापासून वाटते, मग अर्ज करायचा असो वा नसो.

खर्चाबाबत एक वस्तुस्थिती सांगतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट अशा मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक स्थिती न पाहता निवड करतात आणि निवडीनंतर गरजेनुसार मदत देतात. अन्यत्र मदत मागितल्यामुळेही नकार येऊ शकतो. घरी शिकलेली मुंबईची एक मुलगी संगणकाच्या ऑलिंपियाडमधील पदकांच्या बळावर २०१६ साली एमआयटीत गेली. ती बातमी प्रत्येक घरी शिकणाऱ्या मुलाच्या पालकाला कोणीतरी पाठवतेच, पण तिच्यामागे आंतरराष्ट्रीय पातळीवरची तीन पदके होती हे वाचणाऱ्यांनी विसरू नये. आणि इथे मधले वर्ष घेण्याची रीत उलटी आहे. आधी प्रवेश मिळवतात आणि मग तो एक वर्ष पुढे ढकलण्याची परवानगी मागतात. आर्थिक मदतही पुढच्या वर्षी तशीच राहील का, हे तेव्हा लेखी विचारून घ्यावे.

कृष्णाकाठ (वाई)

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी हे सगळे तिला आणि तिच्या आजोबांना मोठ्याने वाचून दाखवले. भौतिकशास्त्राचे नाव ऐकून ती थोडी हिरमुसली, पण चिठ्ठीवर फुलाचा रंग लिहायचा हे वाचल्यावर उठून आपली पेटी घेऊन आली. दोनशे तीसपैकी एकशे चाळीस चिठ्ठ्यांवर रंग आहे, उरलेल्यांवर नाही. सर, तुम्ही म्हणालात तसे ती आठवणीने काही भरणार नाही. चौथीचा दाखला आम्ही कधी घेतलाच नव्हता. उद्या शाळेत जाते.

आजोबांचे म्हणणे असे पडले की वर्ष बारावीच्या आत बसत असेल तर त्यांची हरकत नाही, कारण नोंदणी चालू असेल आणि अभ्यास सुटला असे होणार नाही. म्हणून पानगळ यांचा मार्ग घ्यावा आणि रसायनशास्त्राचे दोन दिवस सरांच्या सांगण्याप्रमाणे ठेवावेत असे ठरते आहे. एकच शंका राहिली. आयसरचा विचार मनात ठेवायचा असेल तर गणित घ्यावे लागेल का? तिला गणित येते, पण सात विषय जास्त होतील अशी भीती वाटते.

पानगळ (पुणे)

आयसरच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र या चारही विषयांचे प्रत्येकी पंधरा प्रश्न असतात. बारावीला गणित घेतले नसले तरी जीवशास्त्राच्या आधारे अर्ज करता येतो, पण प्रश्नपत्रिकेतील गणिताचे प्रश्न त्यामुळे कमी होत नाहीत. माझ्या मते तिने गणिताचे पुस्तक घरी अभ्यासावे आणि परीक्षेचा विषय म्हणून घ्यायचा की नाही, हे माळावरचे वर्ष संपताना ठरवावे. जादा विषय नंतर जोडता येतो का आणि त्याची मुदत काय, हे नोंदणी करतानाच केंद्रात विचारून ठेवा.

एप्रिलच्या परीक्षेसाठीची नोंदणी साधारण जुलैअखेरपर्यंत चालते, म्हणजे तुमच्या हातात थोडेच दिवस आहेत. अर्ज भरण्याआधी साताऱ्यातील आणि पुण्यातील दोन-तीन केंद्रांना स्वतः भेट द्या आणि रसायनशास्त्राची प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा. टेबलावर ब्युरेट (द्रव मोजून सोडण्याच्या काचेच्या नळ्या) आहेत का, नळाला पाणी येते का, आणि मागच्या सत्राच्या प्रात्यक्षिकांचे हजेरीपुस्तक जपून ठेवलेले आहे का, एवढे पाहून मगच केंद्राचे नाव अर्जात भरा.